दोन काचांमधला डाग

१

दर शनिवारी सकाळी साडेनऊला मी आमचा मायक्रोवेव्ह साफ करतो. साडेनऊच का, तर नऊला ताईचा नाश्ता आटोपतो आणि त्यानंतर अर्ध्या तासात ओव्हन आतून पूर्ण गार होतो. हे मी मोजून पाहिलेलं आहे. छत्तीस वर्षं एका प्रयोगशाळेत तराजू आणि उष्णतामापक तपासण्यात घालवलेल्या माणसाकडून दुसरी कसली अपेक्षा करणार? ताई म्हणते, "छोट्या, तू निवृत्त झालास, पण तुझ्यातला तपासनीस काही निवृत्त होत नाही." ताई माझी मोठी बहीण, नऊ वर्षांनी मोठी. मी चौसष्टचा झालो तरी तिच्या लेखी छोट्याच. लग्न दोघांनीही केलं नाही आणि त्याबद्दल एकमेकांना कधी विचारलंही नाही.

कामाचा क्रम ठरलेला. काचेच्या वाडग्यात पाणी, दोन चमचे व्हिनेगर आणि लिंबाच्या साली घालून पाच मिनिटं ओव्हन चालवायचा. मग आणखी पाच मिनिटं दार उघडायचं नाही, वाफेला तिचं काम करू द्यायचं. त्यानंतर प्लग काढायचा. फिरणारी काचेची थाळी कोमट साबणाच्या पाण्यात, तिच्याखालची तीन चाकांची कडी वेगळी, चाकांतला चिकटा जुन्या टूथब्रशने काढायचा. ओल्या फडक्याने आधी छत, मग बाजू, मग तळ. दाराची आतली काच वरून खाली आणि मग कडेकडेने. शेवटी कोरडं फडकं, आणि पाव तास दार उघडं. सगळं झालं की वहीत तारीख, काम, शेरा. ही वही पाहून लोक हसतात, पण मला त्याचं काही वाटत नाही.

दार लावण्याआधी आत एक कप पाणी ठेवायचं, निळ्या रेघेपर्यंत भरून. ते ताईसाठी. पिण्यासाठी नव्हे, ती कधीतरी विसरून रिकामा ओव्हन सुरू करते आणि रिकामा चालला की तो बिघडतो. आत पाणी असलं की निभावतं.

दीड वर्षापूर्वी ताईने दोनदा गॅस चालू ठेवला. दुसऱ्या खेपेला टॉवेल पेटला. आमच्या थोरल्या भावाची मुलगी, म्हणजे आमची पुतणी, धावत आली. भाऊ गेल्यापासून आमचं म्हणायला तीच. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "काका, आत्याला एका चांगल्या वृद्धाश्रमात ठेवू या. मी पाहून ठेवलाय." मी हातापाया पडायचा बाकी राहिलो. शेवटी तडजोड झाली. गॅस काढून टाकला, मायक्रोवेव्ह आला. "पण काका, आता आणखी एकदा काही झालं तर मी तुमचं ऐकणार नाही," ती म्हणाली. तेव्हा ताईचं घर त्या पांढऱ्या डब्यावर टिकून होतं, आणि म्हणून तो बिघडून चालणार नव्हता.

एकच गोष्ट मला जमली नव्हती. पहिल्याच महिन्यात सूप उतू गेलं आणि एक थेंब कुठल्याशा फटीतून दाराच्या दोन काचांच्या मध्ये शिरला. खालच्या डाव्या कोपऱ्यात, मसुराच्या दाण्याएवढा तपकिरी डाग. दुरुस्तीवाला म्हणाला, "साहेब, तो आता असाच राहणार. काच काढायची तर अख्खं दार मोडावं लागेल." मी दर शनिवारी त्यावर बाहेरून नख घासून पाही आणि वहीत लिही, 'डाग तसाच.' असे अडुसष्ट शेरे झाले होते.

२

एकोणसत्तराव्या शनिवारी डाग नव्हता.

मी चष्मा पुसला. विजेरी आणली, काच तिरकी धरून पाहिली. आतली काच स्वच्छ, बाहेरची काच स्वच्छ, आणि मधली ती बोटभर पोकळीसुद्धा स्वच्छ. खरं तर आनंद व्हायला हवा होता. दीड वर्ष डोळ्यांत खुपणारी गोष्ट गेली होती. पण मी तिथे ओलं फडकं हातात घेऊन उभा राहिलो आणि पाणी पायावर ठिबकत राहिलं.

ताई स्वयंपाकघरातल्या तिच्या खुर्चीत बसली होती. तिची खुर्ची ओव्हनच्या समोर. टेलिफोन कार्यालयात तीस वर्षं ऑपरेटर म्हणून काम केलेली बाई ती. कानाला यंत्र लावून, न दिसणाऱ्या माणसांशी बोलण्यात तिचा जन्म गेला. आता ओव्हनची घरघर ऐकायला तिला आवडे.

"ताई, या दाराला कोणी हात लावला होता का?"

"कोण लावणार? तू आणि मी."

"दुरुस्तीवाला येऊन गेला का? मी बाहेर असताना?"

"अरे, दुरुस्तीवाला आला असता तर फरशीवर बुटांचे ठसे दिसले असते, आणि तू आत्तापर्यंत घर डोक्यावर घेतलं असतंस."

हे खरं होतं. तरी मी दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मी मागच्या वर्षीनंतर तुमच्याकडे आलोच नाही, साहेब. का, काय बिघडलं?" काही बिघडलेलं नाही, एक डाग गेलाय, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. उगाच राईचा पर्वत कशाला करायचा? उष्णतेने डाग वाळला असेल, खपली सुटून खाली पडली असेल. मी खालच्या फटीत विजेरी मारली. तिथे खपली नव्हती, धूळसुद्धा नव्हती. वहीत लिहिलं, 'डाग गेला. कारण माहीत नाही.' छत्तीस वर्षांच्या नोकरीत 'कारण माहीत नाही' हा शेरा मी कधी मारला नव्हता.

पुढच्या दोन शनिवारी आणखी एक गोष्ट लक्षात आली. फडकं मळेना. आठवडाभर आम्ही दूध तापवत होतो, बटाटे उकडत होतो, आणि तरी छत पुसलं की फडकं पांढरंच्या पांढरं. मला वाटलं ताईच पुसते. मी तिला शाबासकीही दिली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी नाही बाई. मला इतकं वाकवत नाही."

३

मग कपाचं सुरू झालं.

आमच्या आईची शिस्त होती, की कुणाला कप देताना त्याचा कान घेणाऱ्याकडे करून द्यायचा. आपली बोटं भाजली तरी चालतील, समोरच्याची भाजता कामा नयेत. ही सवय आम्हा दोघांच्या हाडीमाशी खिळलेली. त्यामुळे ओव्हनमधल्या कपाचाही कान मी दाराकडे ठेवतो. घेणारा याच बाजूला असणार, दुसरीकडे कुठे असणार?

एका मंगळवारी दुपारी दार उघडलं तर कान आत, मागच्या भिंतीकडे. पाणी निळ्या रेघेच्या खाली. मी कान बाहेर वळवला, पाणी भरलं. बुधवारी परत तेच. गुरुवारी मी प्लगच काढून ठेवला, म्हणजे थाळी फिरायचा प्रश्न नको. गुरुवारीही तेच.

"ताई, कप का फिरवतेस?" मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं.

"मी नाही फिरवत. तूच नीट देत नाहीस, म्हणून तिला वळवून घ्यावा लागतो."

"कोणाला?"

"पलीकडे आहे ना, तिला." ताईने हे असं सांगितलं, की जणू शेजारीण वाटीभर साखर मागून गेली.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, अशा आजारात माणसं काहीबाही रचतात, वाद घालू नका. मी वाद घातला नाही. ओव्हनच्या मागे भिंत आहे आणि भिंतीमागे इमारतीचा जिना. मी चपला घालून जिन्यात गेलो, आमच्या स्वयंपाकघराच्या मागे येईल त्या जागी भिंतीवर थाप मारून पाहिली. गुळगुळीत, तेलकट रंगाची, भरीव भिंत. वरून उतरणाऱ्या शेजाऱ्यांनी "काय शोधताय?" विचारलं. "ओल येते का बघतोय," मी म्हणालो. खोटं बोलायची मला सवय नाही, कान तापले.

त्याच आठवड्यात पुतणी ताईला दोन दिवस तिच्याकडे घेऊन गेली. कारण सांगितलं डोळे तपासायचं. मला कळत होतं की ती ताईला पारखणार. ते दोन दिवस घरात मी एकटा. म्हणजे आता कप फिरला तर तो मी फिरवलेला, किंवा कोणीच नाही.

मी स्वयंपाकघरातला वजनकाटा बाहेर काढला. पाण्यासकट कप चारशे बारा ग्रॅम. कान दाराकडे. प्लग काढलेला. दाराच्या फटीवर कागदाची चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर सही केली. नोकरीत आम्ही तपासलेल्या तराजूंना असंच सील लावत असू. दुसऱ्या दिवशी भर दुपारी बाराला पाहिलं. सील शाबूत. सही माझीच. सील फाडून दार उघडलं. कान आत होता. वजन तीनशे एकाहत्तर.

बंद डब्यातून एका दिवसात एखाद-दुसरा ग्रॅम पाणी उडेल. एक्केचाळीस ग्रॅम म्हणजे तीन-चार घोट. मी हे वहीत लिहिलं आणि मग त्यावर इतक्या रेघोट्या मारल्या की पान फाटलं. ती वही पुतणीच्या हाती लागली असती तर तिने ताईबरोबर मलाही नेऊन बसवलं असतं. आणि मला खरंच भीती वाटली, ती कपाची नव्हे, स्वतःची. माणूस स्वतःच सील लावतो, स्वतःच काढतो, आणि त्याला आठवत नाही, असंही होतं. ताईच्या बाबतीत मी ते पाहिलेलं होतं.

४

ताई परत आली ती गप्पगप्प. तिला खुर्चीत बसवलं, पायाखाली पाट दिला. तिने पहिलं काम काय केलं असेल तर ओव्हनच्या दारावर दोनदा टिचकी मारली आणि म्हणाली, "आले गं."

संध्याकाळी पुतणीचा फोन आला.

"काका, आत्या माझ्याकडे दोनदा बाथरूमचा रस्ता चुकली. मला बाळपणीच्या नावाने हाक मारली, पण मुलांना ओळखलं नाही तिने."

"नवी जागा आहे गं. इथे ती बरोबर असते."

"म्हणूनच पुढच्या रविवारी मी दिवसभर तिथे येऊन राहते. काही बोलणार नाही, फक्त बघेन. सगळं ठीक असेल तर माझं काही म्हणणं नाही. नसेल तर पहिल्या तारखेला तिथे एक खोली रिकामी होतेय. काका, रागावू नका. मला रात्री झोप लागत नाही तुमच्या काळजीने."

मी रागावलो नाही. पोरगी वाईट नाही. तिच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. फोन ठेवून वळलो तर ताई दारात उभी. तिने सगळं ऐकलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी कानांवरून जाऊ देणाऱ्या बाईला एवढ्याशा घरात काय ऐकू येणार नाही?

"छोट्या, मला तिथे नेऊन टाकू नकोस रे," ती म्हणाली.

मी म्हणालो, "मी जिवंत असेपर्यंत नाही." तिने माझा हात धरला. लहानपणी शाळेत सोडायला येई तेव्हा धरायची तसा, मनगटाला. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. तेव्हा माझ्या मनात दुसरं काहीही नव्हतं. कप नव्हता, डाग नव्हता. रविवारचा एक दिवस कसा निभावायचा, एवढंच होतं.

५

आदल्या दिवशी शनिवार होता. मी नेहमीपेक्षा जास्त नेटाने कामाला लागलो. पुतणी दार उघडून आत डोकावणार, हे मला माहीत होतं. वाडगा ठेवला, पाच मिनिटं लावली. ताई शेजारच्या खोलीत डुलकी काढत होती. उघड्या दारातून तिचे पाय दिसत होते. बाहेर लख्ख ऊन होतं. खालच्या रस्त्यावर कोणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता.

पाच मिनिटं झाली, शिट्टी वाजली, आतला दिवा विझला. मी लगेच प्लग काढला. दाराची काच आतून वाफेने पांढरी झाली होती. आता पाच मिनिटं थांबायचं. मी स्टूल ओढून काचेसमोर बसलो.

दोन मिनिटांनी वरच्या उजव्या कोपऱ्यात काच स्वच्छ झाली.

वाफ गार होऊन ओघळते, मला माहीत आहे. ओघळ वेडावाकडा येतो. हा पट्टा सरळ होता, तीन बोटं रुंद, वरून खाली. तळाशी जाऊन थांबला. मग त्याच्या शेजारी दुसरा, वरून खाली. मग तिसरा. घाई नव्हती. प्रत्येक पट्टा आधीच्यावर जरासा चढवलेला, म्हणजे मध्ये रेघ राहू नये. मी असंच पुसतो. हे मला कोणी शिकवलेलं नाही आणि मी कोणाला शिकवलेलं नाही. काच अशी पुसून झाल्यावर ते कडेकडेने फिरू लागलं.

मी उठलो नाही. तपासनिसाची अक्कल मात्र आपली चालूच होती: दाराची जाळी, उन्हाची तिरीप, तुझा मोतीबिंदू. मी मान डावीकडे केली, उजवीकडे केली. प्रतिबिंब असतं तर हललं असतं.

खालच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे तो डाग होता तिथे, ते थांबलं. जाळीच्या भोकांमागे काहीतरी फिकट काचेला टेकलं. एक नख. ते त्या जागी चार-पाच वेळा घासलं गेलं, डाग नक्की गेलाय ना हे पाहावं तसं. मग ते मागे गेलं. मागे म्हणजे किती मागे, हे मला अजून सांगता येत नाही. ओव्हन आतून बत्तीस सेंटीमीटर खोल आहे. ते नख लहान लहान होत गेलं, आणि बत्तीस सेंटीमीटरमध्ये एखादी गोष्ट तेवढी लहान होत नाही.

पाच मिनिटं झाल्यावर मी दार उघडलं. वाडगा, पाणी, लिंबाच्या साली. सगळ्या भिंती कोरड्या. पुसायला काही शिल्लक नव्हतं.

मी हे कोणाला सांगायचं? सांगितलं तर ओव्हन जाणार. ओव्हन गेला तर ताई जाणार. मी थाळी धुतली, चाकं घासली, वहीत 'सर्व ठीक' असं लिहिलं.

६

रविवारी पुतणी नऊ वाजता आली. फळं घेऊन आली, आत्याचे केस विंचरून दिले, माझ्या वह्यांची चेष्टा केली. पण डोळे सगळीकडे होते. ताईने कमाल केली. वार बरोबर सांगितला, औषधं स्वतः मोजून घेतली, पुतणीच्या मुलांची नावंही सांगितली. दुपारपर्यंत माझा जीव निम्मा भांड्यात पडला होता.

चार वाजता ताई म्हणाली, "मी कॉफी करते सगळ्यांना."

"मी करतो," मी उठलो.

"बसा, काका," पुतणी हळूच म्हणाली. "करू दे तिला."

ताईने फ्रीजमधून दुधाची काचेची बरणी काढली. फिरकीच्या झाकणाची, घट्ट लावलेली. तशीच्या तशी ती ओव्हनमध्ये ठेवली. मी तोंड उघडलं, पुतणीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ताईने तीन मिनिटांच्या जागी तीस दाबली आणि बटण दाबलं.

बंद बरणी तीस मिनिटं. पुतणीही समजली. तिचा चेहरा उतरला. त्यात आनंद नव्हता, हे मी कबूल करतो. ती उठायला लागली. ओव्हन घरघरत होता, आत पिवळ्या उजेडात बरणी फिरत होती, आणि ताई दोन्ही हात मांडीवर घेऊन समाधानाने तिच्याकडे पाहत बसली होती. मला दिसत होती ती पहिल्या तारखेची रिकामी खोली.

घरघर थांबली. आकड्यांत एकोणतीस मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद उरले होते. मग खट् असा आवाज झाला आणि दार आपण होऊन दोन बोटं उघडलं.

पुतणी अर्धवट उठलेली तशीच राहिली. "आपोआप थांबला?"

मी पुढे होऊन दार पूर्ण उघडलं, तिला आतलं दिसणार नाही अशा बेताने. बरणी थाळीच्या मधोमध होती. तिचं झाकण काढून शेजारी ठेवलेलं होतं, उलटं, म्हणजे आतली बाजू थाळीला लागून खराब होऊ नये. दूध नुसतं कोमट झालं होतं.

"काका? असं असतं का याच्यात?"

या ओव्हनची माहितीपुस्तिका मी पाच वेळा वाचली आहे. असं काहीही त्यात नाही. मी ताईकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती.

"हो," मी म्हणालो. "चुकीचं काही ठेवलं की हाच ओळखतो आणि थांबतो. दारही उघडतो. आता काळजी करायचं कारण नाही बघ. ताईला मशीनच सांभाळतं."

या खेपेला माझे कान तापले नाहीत.

पुतणी मटकन खाली बसली आणि रडायला लागली. सुटल्यासारखं रडू होतं ते. "मग मी उगाच इतके दिवस... काका, सॉरी. राहू दे आत्या इथेच. आणि तुम्हीही जरा मोकळे व्हा आता. आठ वर्षं तुम्ही तिच्यासाठी घराबाहेर एक रात्र काढली नाही. या की माझ्याकडे, चार दिवस, महिनाभर. खोली आहे." मी म्हणालो, बघू. आम्ही तिघांनी कॉफी प्यायली. जाताना तिने ओव्हनला हात जोडल्याची नक्कल केली, आणि आम्ही हसलो.

७

तिला खालपर्यंत सोडून मी वर आलो. मन हलकं झालं होतं. ताई खुर्चीतच होती. मी तिच्या शेजारी स्टुलावर बसलो.

"राहिलीस बघ, ताई," मी म्हणालो. "कोणी तुला कुठे नेत नाही आता."

"मी राहणारच होते. माझा प्रश्न नव्हता." तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. फार मायेने. "प्रश्न तुझा होता. तो तूच सोडवलास."

"म्हणजे?"

"तूच म्हणालास ना पोरीला, की ताईला मशीन सांभाळतं? पलीकडची ती ऐकत होती. तिला बरं वाटलं. म्हणाली, भावाने स्वतःच सांगितलं, आता संकोच नको." ताई थांबली, ओव्हनच्या दिशेने मान किंचित कलती करून तिने ऐकलं, आणि समजल्यासारखी मान हलवली. "ती म्हणते, घर दोघींना पुरेसं आहे."

मी हसलो. तीही हसेल म्हणून थांबलो. ती हसली नाही. मुक्काम लांबवलेल्या पाहुण्याकडे पाहावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं, रागाने नव्हे, जरा अवघडून.

"ताई, मी छोट्या आहे."

"हो रे. म्हणून तर तिला म्हटलं, त्याला घाई करू नकोस. त्याला सगळं नीट लागतं."

माझ्या खोलीतून काहीतरी सरकल्याचा आवाज आला. घरात आम्ही दोघंच होतो आणि दोघंही स्वयंपाकघरात होतो. मी उठलो. ओव्हनचं दार उघडं होतं. पुतणीला सोडायला जाताना मी ते लावून गेलो होतो, की नव्हतो? मला आठवेना. मी आठवत आठवत खोलीपर्यंत गेलो.

पलंगावर माझी जुनी बॅग उघडून ठेवलेली होती. आत माझे शर्ट, घडीवर घडी, कडेला कड जुळवून. त्यांवर वह्यांची चळत, तारखेच्या क्रमाने. वर चष्म्याची डबी. कपाट आतून पुसून काढलेलं होतं, वरून खाली आणि मग कडेकडेने, आणि त्यात माझं म्हणून काहीच उरलं नव्हतं. मी सगळ्यात वरच्या शर्टावर हात ठेवला. तो कोमट होता.

"छोट्या," स्वयंपाकघरातून ताईने हाक मारली. आवाज अगदी नेहमीचा, काळजीचा. "उगाच शोधत बसू नकोस. काही राहिलंच, तर ती पाठवून देईल."